शाळेच्या संगणकातील दप्तर : हार्ड डिस्क बिघडू लागली असता करावयाची तजवीज

(मुख्याध्यापकांच्या सहविचार सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या दप्तरातील पुष्कळशा वह्या काही वर्षांनी निकाली निघतात. जनरल रजिस्टराचे तसे नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी ज्या मुलाचे नाव त्यात चढले, त्याचा पणतूही त्या एका ओळीचा आधार मागावयास येऊ शकतो, आणि येतो. जन्मतारीख, जात, वडिलांचे नाव, गाव : एवढाच मजकूर, पण त्यावाचून कित्येकांची कामे अडून राहतात. हे रजिस्टर कागदाचे आहे तोवर त्याचे शत्रू शिक्षकास ठाऊक आहेत. वाळवी, कसर, गळके छप्पर आणि उंदीर यांच्याशी शाळांचा परिचय जुना आहे. परंतु गेल्या काही वर्षांत याच रजिस्टराची छायाचित्रे काढून ती संगणकात ठेवण्याचा प्रघात पडला आहे. प्रघात स्तुत्य आहे. मात्र संगणकाच्या पोटातील डिस्क कशाने मरते, आणि मरू लागली असता काय करावे, हे फारसे कोणास सांगितले गेलेले नाही.

डोंगराळ पट्ट्यातील एका दोनशिक्षकी शाळेत गेल्या पावसाळ्याच्या आरंभी घडलेली हकिकत येथे उपयोगी पडेल. एक वृद्ध शेतकरी शाळेत आला. त्याच्या नातीच्या जातपडताळणीच्या प्रकरणात जुना शालेय पुरावा हवा होता, आणि प्रकरण सादर करण्यास दहा दिवस उरले होते.

"गुरुजी, माझा बा ह्याच शाळेत शिकला. दुसरीतनं काढला त्याला, गुरं राखाया. पर नाव तर असंल की वहीत?"

"बसा, आबा. असेल तर सापडेल. साल कोणतं धरायचं?" मुख्याध्यापकांनी विचारले.

साल म्हाताऱ्यास सांगता येईना. अंदाजाने हिशेब केला तो १९३७-३८ च्या आसपास येऊन थांबला. शाळा त्या वेळी लोकल बोर्डाची होती. त्या काळातील रजिस्टर कपाटात होते खरे, पण मागील वर्षीच्या पावसात कपाटावरील कौले सरकली आणि वहीची मधली पाने भिजून एकमेकांस चिकटून बसली. सुदैवाने त्यापूर्वीच शाळेतील बाईंनी पानन्‌पान मोबाईलवर टिपून ती छायाचित्रे संगणकात घातली होती. मोबाईलमधील जागा भरल्यामुळे तेथील छायाचित्रे पुसली गेली होती. पेनड्राईव्हवर एक प्रत होती, तो पेनड्राईव्ह निवडणुकीच्या प्रशिक्षणाच्या कामी रिकामा करून वापरला गेला. (निवडणुकीच्या कामात शाळेचे काय काय वापरले जाते, याची यादी येथे देण्याचे कारण नाही.) एवंच, ऐंशी-पंचाऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या ओळीची वाचता येण्याजोगी प्रत जगात एकाच ठिकाणी उरली होती.

बाईंनी संगणक सुरू केला. निळा पडदा आला, गेला, आणि आतून घड्याळाच्या ठोक्यासारखा आवाज येऊ लागला : खट्‌, खट्‌, खट्‌. थोडे थांबून पुन्हा तेच.

हा आवाज कशाचा, हे समजण्यासाठी डिस्कच्या अंतरंगाकडे पाहिले पाहिजे. हार्ड डिस्क ही वस्तू नवी नव्हे. अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली 'रॅमॅक' या नावाचा जो संगणक बाजारात आणला, त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक बसविलेल्या होत्या. त्या सर्वांवर मिळून सुमारे पन्नास लक्ष अक्षरे मावत. आज मोबाईलने काढलेले एखादे छायाचित्रही तेवढी जागा अडविते. तबकड्या पुढे लहान झाल्या, संख्येने कमी झाल्या, परंतु रचना मूलतः तीच राहिली. ध्वनिमुद्रिकेची तबकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांस ती चटकन उमजेल. चकचकीत गोल तबकडी फिरते आहे, आणि एका दांड्याच्या टोकाशी असलेले 'हेड' तिच्यावरून आतबाहेर सरकत मजकूर वाचते आहे वा लिहिते आहे. भेद एवढाच, की ध्वनिमुद्रिकेची सुई तबकडीस टेकलेली असते. येथे टेकली की घात झाला. मजकूर खोदलेला नसून चुंबकीय खुणांच्या रूपाने असतो, आणि तबकडी फिरल्यामुळे निर्माण होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर हेड तरंगत राहते.

टेबलावरील संगणकाची डिस्क बहुधा मिनिटास ७,२०० फेरे घेते. साडेतीन इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डिस्कच्या तबकडीची कड त्या वेळी ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावत असते. आणि हेडचे तबकडीपासूनचे अंतर किती? काही थोडे नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. माणसाचा केस त्या फटीत शिरू लागला तर तो डोंगराएवढा ठरेल. फळ्यावरील खडूच्या भुकटीचा कण केसाहून पुष्कळ लहान, तरी त्या फटीच्या मानाने तोही धोंडाच होय. डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असते. आतील व बाहेरील हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेले असून त्याच्या आड गाळणी असते. ते बुजवू नये. आणि झाकण तर कधीही उघडू नये. स्क्रू काढून 'आत काय झाले ते पाहू' म्हणणाऱ्या हौशी गृहस्थाने एका क्षणात जेवढे नुकसान केलेले असते तेवढे बिघाडाने वर्षात केलेले नसते.

आता तो खट्‌खट्‌ आवाज. हेड आपली जागा शोधण्यास बाहेर जाते, तबकडीवरील मार्गदर्शक खुणा त्यास वाचता येत नाहीत, ते परत मूळ ठिकाणी येते, पुन्हा जाते. प्रत्येक येरझाऱ्याचा तो ठोका. हेड कमकुवत झालेले असेल, किंवा तबकडीचा पृष्ठभाग ओरखडला असेल. पृष्ठभाग ओरखडला असल्यास तेथून निघालेले कण आत फिरू लागतात आणि चांगला भागही खराब करतात. म्हणून बिघडू लागलेल्या डिस्कचे आयुष्य दिवसांत मोजू नये. ते फेऱ्यांत मोजावे. तिच्यापाशी आता मोजके फेरे उरले आहेत, आणि ते कशावर खर्च करावयाचे हा खरा प्रश्न आहे.

सर्वच बिघाड आवाज करीत नाहीत, हेही ध्यानात असावे. एखादी फाईल उघडण्यास मिनिट-मिनिट लागू लागते. प्रत काढताना संगणक मध्येच गोठतो. एखाद्या फोल्डरचे नाव विचित्र चिन्हांत दिसते. सुरू होताना संगणक आपण होऊनच डिस्क तपासू लागतो. ही सारी पूर्वचिन्हे आहेत. डिस्क स्वतःही आपल्या प्रकृतीची एक नोंद ठेवीत असते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. खराब झालेल्या किती जागा बाजूस काढून त्यांऐवजी राखीव जागा वापरल्या, आणि किती जागा वाचता न आल्यामुळे संशयित ठरल्या, हे त्या नोंदीत सापडते. हे आकडे शून्याहून वाढू लागले की प्रत काढण्यास विलंब करू नये. गूगल कंपनीच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत असे आढळले की पृष्ठभाग-तपासणीत पहिला दोष निघाल्यानंतरच्या साठ दिवसांत डिस्क निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट होता. परंतु त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही आढळली : निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी या नोंदीतील चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखविलेले नव्हते. म्हणजे लक्षण दिसले तर विश्वास ठेवावा. लक्षण नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

शाळेत त्या सकाळी जे झाले ते कोणत्याही शाळेत झाले असते. बाईंनी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी पडद्यावर डिस्कची दुरुस्ती करावी काय, असा प्रश्न आला. बाजारपेठेतील दुकानदारास दूरध्वनी केला, त्याने सांगितले, "बाई, घेऊन या, फॉरमॅट मारून देतो, अर्ध्या तासात चालू." दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. त्यास संगणक चालू करून द्यावयाचा होता. शाळेस संगणक नको होता, त्यातील एक पान हवे होते. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि पुष्कळसे नुकसान या दोहोंची गल्लत केल्यामुळे होते.

विंडोजमध्ये डिस्क दुरुस्त करण्याची जी सोय आहे, 'चेकडिस्क', ती निरोगी डिस्कवरील विस्कटलेली अनुक्रमणिका नीट करण्यासाठी आहे. ती डिस्कवर लिहिते, जागा बदलते, तिला संशयास्पद वाटलेल्या नोंदी काढून टाकते आणि यासाठी सबंध डिस्क पिंजून काढते. मरणोन्मुख डिस्कला हा उपचार म्हणजे धाप लागलेल्या माणसास घाट चढावयास लावणे होय. फॉरमॅटविषयी बोलावयासच नको. काही अघोरी उपायही लोकांत प्रचलित आहेत. डिस्क शीतकपाटात ठेवावी, कडेला हलकेच टिचकी मारावी, असे सांगितले जाते. शीतकपाटातून बाहेर काढलेल्या डिस्कवर, थंड पाण्याच्या पेल्यास सुटतो तसा, ओलावा धरतो. आणि तो आतही धरतो. टिचकीविषयी एवढेच म्हणावे, की काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडास ती टिचकी वाटत नाही.

मुख्याध्यापकांनी सुदैवाने त्या वेळी प्लग काढला. वीज बंद असलेल्या डिस्कमधील मजकूर सहसा आणखी बिघडत नाही. त्यांनी गटसाधन केंद्रातील एका साधनव्यक्तीस कळविले. तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी सायंकाळी एक जुना परंतु धडधाकट संगणक, एक नवी एक टी.बी. क्षमतेची डिस्क आणि लिनक्स असलेला पेनड्राईव्ह घेऊन आला. त्याने जे केले त्याचा क्रम समजून घेण्यासारखा आहे.

त्याने शाळेची डिस्क तिच्या संगणकातून काढली व आपल्या संगणकास थेट सॅटा तारेने जोडली. यू.एस.बी.च्या डबीतूनही जोडता येते, पण सदोष डिस्कचे काम त्या डबीतून कित्येकदा नीट होत नाही. संगणक पेनड्राईव्हवरून सुरू केला, म्हणजे शाळेच्या डिस्कवर काहीही लिहिण्याचा प्रसंगच येऊ नये. विंडोज सुरू होताना डिस्कवर काही ना काही लिहिल्यावाचून राहत नाही. मग त्याने 'डीडी-रेस्क्यू' नावाचा, अन्तोनियो दियास दियास यांनी लिहिलेला व सर्वांस विनामूल्य उपलब्ध असलेला कार्यक्रम चालविला.

साध्या नकलेत संगणक फाईलमागून फाईल उचलतो. एखादी जागा वाचता आली नाही की तेथेच अडून पुनःपुन्हा धडका देत बसतो, आणि त्या धडकांतच डिस्क संपते. डीडी-रेस्क्यूची रीत शेतकऱ्याच्या रीतीसारखी आहे. अवकाळी पावसाने भाताचे रान काही उभे व काही आडवे झाले असता शहाणा शेतकरी उभे पीक आधी कापून घेतो आणि चिखलात लोळलेल्या लोंब्या मागाहून वेचतो. हा कार्यक्रम फाईलींकडे पाहतच नाही. डिस्कच्या पहिल्या जागेपासून अखेरच्या जागेपर्यंत जे सहज वाचता येते ते तो भराभर दुसऱ्या डिस्कवर उतरवितो. अडथळा आला की तेवढा भाग सोडून पुढे जातो. सबंध डिस्क अशी ओलांडून झाली म्हणजे सोडलेल्या भागांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडीत आत शिरतो, आणि सर्वांत शेवटी उरलेल्या जागांवर पुन्हा प्रयत्न करतो. कोठले वाचले, कोठले राहिले, याची एक नोंद तो शेजारी ठेवतो. तिला नकाशा-फाईल म्हणावे. या नोंदीचे महत्त्व ग्रामीण शाळेत विशेष आहे, कारण वीज गेली तरी काम मुळापासून सुरू करावे लागत नाही. जेथे थांबले तेथून पुढे चालते. त्या रात्री दोनदा वीज गेली.

या कामात दोन चुका नेहमी होतात. आज्ञा देताना आधी मूळ डिस्कचे नाव व नंतर नव्या डिस्कचे नाव लिहावयाचे असते. क्रम उलटला तर कोरी डिस्क जुन्या डिस्कवर उतरते आणि सर्व संपते. साधनव्यक्तीने दोन्ही डिस्कांचे अनुक्रमांक कागदावर लिहून घेतले होते व बाईंकडून मोठ्याने वाचवून घेऊन पडद्यावरील नावांशी ताडले होते. दुसरी चूक नव्या डिस्कच्या आखणीची. संपूर्ण डिस्कची प्रत ही एकच प्रचंड फाईल असते, आणि 'फॅट-३२' पद्धतीने आखलेल्या डिस्कवर चार जी.बी.हून मोठी फाईल मावत नाही. नवी डिस्क क्षमतेने जुनीपेक्षा मोठी असावी हे तर उघडच आहे.

शाळेची डिस्क ५०० जी.बी.ची होती. धडधाकट असती तर काही तासांत काम झाले असते. येथे दोन रात्री व एक दिवस लागला. दुसऱ्या रात्री डिस्क तापू लागली, तेव्हा काम थांबवून तिला पंख्याच्या वाऱ्यात निवू दिले. पहाटेच्या सुमारास आवाज एकाएकी वाढला आणि हेड काहीच वाचीनासे झाले. डिस्क संपली. परंतु तोवर तिच्यावरील बहुतेक सारा मजकूर नव्या डिस्कवर आलेला होता, आणि पहिल्या सकाळी जे चार वेळा चालू-बंद झाले ते आणखी चाळीस वेळा झाले असते तर तो आला नसता, हेही स्पष्ट झाले.

पुढचे सर्व काम प्रतीवरच करावयाचे. मूळ डिस्कला पुन्हा हात लावावयाचा नाही. प्रतीचीही आणखी एक प्रत काढून मग तिच्यावर प्रयोग करावेत हे अधिक बरे. अनुक्रमणिका शाबूत असेल तर फोल्डर व फाईली आपापल्या नावांनिशी दिसतात. ती विस्कटली असेल तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेले 'टेस्टडिस्क' व 'फोटोरेक' हे दोन विनामूल्य कार्यक्रम उपयोगी पडतात. पहिला हरवलेली आखणी शोधतो. दुसरा आखणीची पर्वाच करीत नाही. प्रत्येक जातीच्या फाईलीचा आरंभ ठराविक खुणेने होत असतो. छायाचित्राची खूण निराळी, पी.डी.एफ.ची निराळी. त्या खुणा हुडकीत फोटोरेक सबंध प्रत चाळतो आणि सापडतील त्या फाईली बाहेर काढतो. मात्र त्यांची मूळ नावे जातात. पाने आहेत पण अनुक्रमणिका फाटली आहे, अशी ती स्थिती. शाळेच्या बाबतीत असेच झाले. हजारो छायाचित्रे बाहेर आली. त्यांत स्नेहसंमेलन, वृक्षारोपण, पोषण आहाराची ताटे आणि स्वच्छतागृहाच्या बांधकामाचे टप्पे यांच्यामध्ये रजिस्टराची पाने विखुरलेली होती. ती वेचण्यास बाई व चौथीची चार मुले यांना एक अख्खी दुपार लागली. मुलांनी ते काम मोठ्या आवडीने केले असे समजते.

फाईल सापडली म्हणजे ती पुरी आहेच असे नव्हे. छायाचित्राच्या मधोमध एक जागा वाचावयाची राहिली असल्यास तेथून खालचा भाग करडा पडतो किंवा रंग बदलून सरकतो; वरचा भाग मात्र वाचता येतो. साध्या मजकुराच्या फाईलीत चार ओळी गळतील. उलट नव्या पद्धतीच्या वर्ड व एक्सेल फाईली आवळून बांधलेल्या गाठोड्यासारख्या असतात. एक गाठ बिघडली तरी गाठोडे उघडत नाही असे होते. कोणत्या फाईली अपुऱ्या आहेत हे कळण्यासाठी डीडी-रेस्क्यूमध्ये एक सोय आहे. नकाशा-फाईलीच्या आधारे, प्रतीच्या प्रतीवर, न वाचलेल्या जागी एखादा ठराविक शब्द भरावा आणि मग तो शब्द ज्या फाईलींत सापडेल त्या सदोष समजाव्यात.

मराठी मजकुराच्या बाबतीत एक अडचण निराळी आहे व ती बाहेरच्या पुस्तकांत सापडावयाची नाही. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी शाळांतील टंकलेखन श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा टंकांत होत असे. त्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांचे आकार बसविलेले असतात. अशी फाईल वाचवून दुसऱ्या संगणकावर उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसतो, आणि 'ही बिघडली' असे समजून ती पुसली जाते. ती बिघडलेली नसते. तिचा टंक तेवढा तेथे नसतो. यास्तव वाचविण्याच्या फाईलींत विंडोजच्या फोल्डरातील 'फॉन्ट्स' हा भागही अवश्य धरावा. जुना टंक बसविला की मजकूर पुन्हा मराठीत दिसू लागतो, आणि मग तो युनिकोडात फिरवून घेता येतो. त्या शाळेतील १९९९ पासूनचे पालकसभांचे वृत्तांत अशा रीतीने पुसले जाता जाता राहिले.

येथवर सांगितलेली रीत ज्या डिस्कचे हेड थोडेफार तरी वाचते आहे तिच्यासाठी आहे. तबकडी फिरतच नाही, पहिल्यापासून नुसते ठोकेच येतात, घासल्याचा आवाज येतो, किंवा डिस्क पाण्यात बुडाली आहे, अशा वेळी शाळेने काही करू नये. डिस्क उघडून हेड बदलण्याचे काम धूळविरहित दालनातच होते व ते त्या विद्येतील जाणत्यांनीच करावयाचे असते. भिजलेली डिस्क चुलीपाशी अथवा उन्हात वाळवू नये.

जाणते लोक काय करू शकतात याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना टेक्ससच्या आकाशात भंगले. कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. यानात झेनॉन वायूच्या दाटपणाविषयी एक प्रयोग चालू होता व त्याची मोजमापे ३४० एम.बी.च्या एका हार्ड डिस्कवर साठविली जात होती. काही मोजमापे उड्डाणात असतानाच पृथ्वीवर पाठविण्यात आली होती; बाकीची डिस्कबरोबर गेली असे समजले गेले. सुमारे सहा महिन्यांनी एका आटलेल्या तळ्याच्या पात्रात ती डिस्क सापडली. वरील विद्युत्‌फलक जळालेला, कडेची बंदिस्ती वितळलेली, आत माती. अमेरिकेतील ऑनट्रॅक या संस्थेच्या प्रयोगशाळेत जॉन एडवर्ड्‌स या अभियंत्याने तबकड्या काढल्या, रासायनिक द्रावणाने धुतल्या आणि नव्या डिस्कच्या सांगाड्यात बसविल्या. सुमारे ९९ टक्के मजकूर वाचता आला. तबकड्यांवर खड्डे पडलेले होते. पण डिस्क अर्धीच भरलेली होती, आणि त्यावरील जुन्या डॉस प्रणालीने मजकूर इतस्ततः न विखुरता सलग लिहिलेला होता, त्यामुळे खड्डे नेमके कोऱ्या भागात पडले. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच यानातील आणखी दोन डिस्कांतून मात्र काहीही मिळाले नाही. त्यांचे चुंबकत्वच गेले होते. जेथे खूणच उरली नाही तेथे विद्या काय करणार?

हल्लीच्या नव्या संगणकांतून तबकडीऐवजी 'एस.एस.डी.' येऊ लागली आहे. तिच्यात फिरणारे काहीच नाही, ती आपटल्याने सहसा बिघडत नाही. परंतु बिघडते तेव्हा पूर्वसूचना न देता एकाएकी गप्प होते. शिवाय तिच्यावरील पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा तबकडीच्या मानाने फारच थोडी, कारण पुसलेली जागा ती स्वतःच आतून रिकामी करून ठेवते. पेनड्राईव्ह हे तर ने-आण करण्याचे साधन आहे, साठवणीचे नव्हे.

डिस्क बाहेर दुरुस्तीस देताना आणखी एक खबरदारी. शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा, जाती, आधार क्रमांक, बँकेचे खाते क्रमांक असतात. डिस्कच्या अनुक्रमांकासह लेखी पोच घ्यावी, वाचविलेल्या मजकुराची प्रत दुकानात ठेवू नये असे लिहून घ्यावे, आणि जुनी डिस्क परत मागावी. 'ती भंगारात टाकतो' असे कोणी म्हटले तर मान्य करू नये.

त्या शाळेत अखेर काय मिळाले ते सांगावयाचे राहिले. रजिस्टराच्या पानांपैकी नऊ पानांची छायाचित्रे आली नाहीत व चार अर्धीच आली. शेतकऱ्याच्या वडिलांचे पान अर्ध्या आलेल्यांपैकी होते. खालचा भाग करडा पडला होता, नोंद वरच्या भागात होती : नाव, बापाचे नाव, जात, धंदा शेती, आणि शाळा सोडल्याचे कारण, 'घरकाम'. साल निघाले १९३९. छायाचित्रावरून पानाचा क्रमांक कळला, तेव्हा कपाटातील चिकटलेल्या वहीत नेमके ते पान हळूहळू सोडविता आले, आणि शाई पसरलेली असली तरी नोंद छायाचित्राशी ताडून पाहता आली. मूळ पान व छायाचित्र दोन्ही वरिष्ठांपुढे ठेवून उतारा देण्यात आला. मुदतीस दोन दिवस उरले होते.

म्हाताऱ्याने उतारा उलटसुलट करून पाहिला. त्यास वाचता येत नव्हते. "गुरुजी, यात बाचं नाव कुठं हाय, बोट ठेवा जरा," तो म्हणाला. मुख्याध्यापकांनी बोट ठेवले.

रजिस्टराची छायाचित्रे आता शाळेत एका बाहेरच्या डिस्कवर, दुसरी प्रत केंद्रशाळेत आणि तिसरी गटसाधन केंद्रात अशी ठेवली आहेत. जून व दिवाळीनंतरचा पहिला आठवडा, असे वर्षातून दोनदा त्या उघडून पाहण्याचे ठरले आहे. नुसत्या आहेत की नाहीत एवढे पाहावयाचे नाही, मधलेच एखादे पान उघडून ते वाचावयाचे. जी नऊ पाने आली नाहीत ती भिजलेल्या वहीतून सोडविण्याचे काम उन्हाळ्याच्या सुटीत बाई करणार आहेत. जुनी डिस्क कपाटात वरच्या फळीवर आहे. तिच्यावर कागद चिकटवून बाईंनी लिहिले आहे : 'चालू करू नये.'